भूसंपादनात भाड्याचं घर गेलं तर? भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता रुंद होणार, उड्डाणपूल येणार, रेल्वेची आणखी एक मार्गिका पडणार अशी कुणकुण लागली की मालक वकिलाकडे जातो आणि भाडेकरू शेजाऱ्याकडे. शेजाऱ्यालाही काही माहीत नसतं. मग चहा होतो, 'आपल्याला कोण विचारतंय' असं ठरतं आणि महत्त्वाच्या तारखा तशाच निघून जातात. अशा कुटुंबांचे अर्ज लिहून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं २०१३ च्या भूसंपादन कायद्यावर बेतलेली आहेत. मुंबईचं गाडं थोडं वेगळं चालतं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

घर माझं नाही, मी भाडेकरू. सरकारने जागा घेतली तर मला काही मिळतं का?

मिळू शकतं. आधी मोबदला आणि पुनर्वसन यांची गल्लत सोडा. मोबदला जागेतल्या हक्काचा असतो, तो ज्याचा हक्क त्याला. पुनर्वसन उठवल्या जाणाऱ्या कुटुंबाचं असतं, आणि तिथे मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं हा प्रश्नच येत नाही. १८९४ च्या जुन्या कायद्यात पुनर्वसनाचा हक्क नव्हता. तो कायदा गेला, तरी लोकांच्या डोक्यात आणि काही टेबलांमागच्या माणसांच्याही डोक्यात अजून तोच आहे.

नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यातल्या 'बाधित कुटुंब' या व्याख्येत शहरी भागात संपादनापूर्वी तीन किंवा अधिक वर्षं राहत असलेलं कुटुंब येतं. गावाकडे कूळ, वाटेकरी, शेतमजूर, कारागीर असे जमीन नसलेले लोकही येतात, मात्र त्यांची मुख्य उपजीविका त्या संपादनामुळे बाधित व्हायला हवी.

तीन वर्षं कशी मोजायची? मी चार वर्षांत दोन खोल्या बदलल्या आहेत.

अधिसूचनेच्या तारखेपासून मागे मोजायची. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्वतःची घरजागा नसलेल्या कुटुंबासाठी 'त्या क्षेत्रात सलग तीन वर्षं' अशी अट आहे. 'त्याच खोलीत' असं तिथे लिहिलेलं नाही. तेव्हा दोन्ही खोल्या बाधित क्षेत्रात असतील तर दोन्हींचा काळ जोडून मागा, नाही म्हणाले तर लेखी नकार घ्या. आधीची खोली संपादनाच्या हद्दीबाहेर असेल तर ती वर्षं पदरात पाडून घेणं अवघड.

गणपतीला, बाळंतपणाला गावी गेलात म्हणून सलगता तुटत नाही. पण वर्षभर खोलीला कुलूप असेल तर वीजबिलावरचे युनिट तोंड उघडतात.

अधिसूचना निघाली हे मला कोण सांगणार?

घरी येऊन सांगेलच असं नाही. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात आणि दोन दैनिकांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. ग्रामपंचायत, नगरपालिका, तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही ती लावली जाते. बारीक अक्षरात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरांची रांग असते, आणि आपल्या खोलीचा सिटी सर्व्हे नंबर बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नसतो. तो आजच विचारून लिहून ठेवा. प्रसिद्धीपासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते.

राहत असल्याचा पुरावा काय काय चालतो?

भाडेपावत्या, करारनामा, वीजबिल, रेशन कार्ड, मतदार यादीचा उतारा, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक, मुलांच्या शाळेचा बोनाफाईड. कुठलंही एक कागदपत्र सगळं सिद्ध करत नाही. जुनी तारीख आणि तोच पत्ता असलेले चार-पाच वेगवेगळे कागद जवळ असले की काम होतं. आधार कार्डाचा भरवसा धरू नका, ते सध्याचा पत्ता दाखवतं, तिथे कधीपासून राहता ते दाखवत नाही.

एक आजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या. आत भाडेपावत्यांची चळत होती, सुतळीने बांधलेली. मधल्या पावत्या ओल लागून एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सोडवताना शाईच निघून आली, आणि नेमकी कामाची वर्षं गेली. डब्याच्या तळाशी नातवाचं लसीकरणाचं कार्ड निघालं. नर्सच्या अक्षरात खोली नंबरासकट पत्ता, आणि प्रत्येक डोसासमोर तारीख. त्या कुटुंबाच्या अर्जाला सगळ्यात वर तेच कार्ड लावलं. डबे शोधा.

करार नोंदवलेलाच नाही. मालक म्हणतो, 'तू कागदावर नाहीसच.'

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने तो नोंदवला नाही तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे त्याने चुकवलेल्या मुद्रांक शुल्काचा फटका तुम्हीच का सोसायचा? भूसंपादन कायद्यातली व्याख्याही 'राहणारं कुटुंब' म्हणते, 'नोंदणीकृत भाडेकरू' म्हणत नाही.

अकरा-अकरा महिन्यांचे करार पुढे पुढे वाढवत आलेल्यांनी सगळे जुने करार एकत्र जोडावेत. एकटा शेवटचा दिला तर तुम्ही अकरा महिन्यांचेच रहिवासी दिसता.

संपादन होणार म्हणून मालक आधीच घर खाली करायला सांगतो आहे. रोख रक्कमही देतो म्हणतो.

सगळ्यात जास्त भाडेकरू इथेच मार खातात. मोजणीच्या वेळी घर रिकामं दाखवता आलं तर पुढे हिस्सेदार कमी, हा मालकाचा हिशेब. हातात पडणारी रक्कम त्या क्षणी मोठी वाटते, विशेषतः शाळेची फी भरायच्या महिन्यात. ती घेऊन गेलात आणि सर्वेक्षणात नाव आलं नाही, तर नंतर 'मी इथे राहत होतो' हे सांगत फिरणं फार जड जातं.

भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला कायद्यातली कारणं दाखवून आणि कोर्टाच्या हुकुमानेच काढता येतं. 'सरकार जागा घेणार आहे' असं तोंडी सांगणं हा हुकूम नव्हे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याची बाजू इथे खरोखर कच्ची आहे, मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून त्याने मुदत संपण्याच्या आत आपलं नाव सर्वेक्षणात येईल हे पाहावं. नळ तोडणं, वीज कापणं असले प्रकार झाले तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ती पोच पुढे रहिवासाचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

सर्वेक्षणाच्या दिवशी काय करायचं?

घरी राहायचं. एवढंच, पण ते पाळलं जात नाही. माणसं येतात, टेपने मोजतात, दारावर लाल रंगात आकडा टाकतात आणि अर्ध्या तासात पुढच्या गल्लीत जातात. दार बंद असलं तर फॉर्मवर 'कुलूपबंद' असा शेरा पडतो, आणि तो शेरा खोडून घ्यायला महिने जातात. दिवस बुडाला तरी चालेल. दोघंही कामावर जात असाल तर सज्ञान माणूस आणि कागदांच्या झेरॉक्स घरात ठेवा.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचा: 'राहणाऱ्याचे नाव' या रकान्यात कोणाचं नाव आहे, घरातली माणसं किती लिहिली आहेत आणि वापर 'निवासी' आहे की 'वाणिज्य'. दारावरच्या आकड्याचा फोटो काढा, फोटोत घरातलं कोणीतरी असू द्या.

पुनर्वसन योजनेचा मसुदा या सर्वेक्षणावरूनच तयार होतो. तो प्रशासक म्हणून नेमलेला अधिकारी करतो, आणि त्यावर बाधित क्षेत्रात जनसुनावणी व्हावी लागते. नाव सुटलं असेल तर सुनावणीत ते तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या.

घर मिळतं म्हणजे नेमकं काय मिळतं?

शहरात किमान ५० चौरस मीटर जोत्याचं बांधलेलं घर, ते बहुमजली इमारतीतही असू शकतं. गावात इंदिरा आवास योजनेच्या निकषांप्रमाणे बांधलेलं घर. घर नको असेल तर शहरात एकरकमी साहाय्य, किमान दीड लाख रुपये. गावात घराच्या किमतीइतकी रक्कम. एका कुटुंबाला एकच घर. ते पती-पत्नी दोघांच्या नावावर करता येतं, करूनच घ्या. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च ज्या यंत्रणेसाठी जमीन घेतली तिने करायचा असतो.

दीड लाखाच्या पर्यायाबद्दल स्पष्ट बोलायचं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरात तो घराला पर्याय नाही. 'लवकर मिळेल' म्हणून त्यावर टिक करून मोकळे झालेले लोक नंतर हळहळतात.

घराशिवाय पैसे किती?

विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता, सामान हलवायला एकदाच ५०,००० रुपये आणि पुनर्स्थापना भत्ता म्हणून आणखी ५०,००० रुपये. छोटं दुकान किंवा गोठा असेल तर किमान २५,००० रुपये. कारागीर, छोटे व्यापारी यांना वेगळे किमान २५,००० रुपये. शिवाय प्रकल्पात नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा २० वर्षं दरमहा किमान २,००० रुपये वर्षासन, यांपैकी एक पर्याय. नोकऱ्या सगळ्याच प्रकल्पांत निघत नाहीत, त्यामुळे पाच लाख की वर्षासन एवढंच ठरवायचं उरतं. वर्षासन महागाई निर्देशांकाशी जोडलेलं असतं.

हे आकडे २०१३ साली ठरलेले आहेत. ३,००० रुपयांत आज ठाण्यात एका माणसाची खाणावळ भागणार नाही. कलम १०७ आणि १०८ प्रमाणे राज्याला यापेक्षा जास्त देणारा कायदा करता येतो किंवा धोरण आखता येतं, त्यामुळे आपल्या प्रकल्पाचं स्वतंत्र धोरण आहे का हे भूसंपादन कार्यालयात लेखी विचारा.

मोठा मुलगा सज्ञान आहे, आई विधवा आहे. आम्ही एक कुटुंब की तीन?

कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सज्ञान व्यक्ती, लग्न झालेली असो वा नसो, मुलगा असो वा मुलगी, स्वतंत्र कुटुंब धरली जाते. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियाही स्वतंत्र कुटुंब. सर्वेक्षणात मात्र एका दारामागे एक कुटुंब लिहून पुढे जाण्याची सवय असते. 'एकत्र जेवतो हो आम्ही' असं मोठ्या कौतुकाने सांगून आपलाच दावा बुडवलेली घरं आहेत. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा अर्ज आणि वयाचा दाखला द्या.

आम्ही पागडीवाले. चाळीस वर्षं राहतो. नुसतं पुनर्वसन घेऊन गप्प बसायचं?

नाही. कायद्याने 'हितसंबंधित व्यक्ती' मध्ये राज्याच्या कायद्यांखाली भाडेकरूचे हक्क असलेल्यांना धरलं आहे, म्हणजे मोबदल्याच्या रकमेतही तुमचा हिस्सा मागता येतो. कलम २१ ची, म्हणजे दावे मागवणारी नोटीस निघाली की ठरलेल्या तारखेला दावा दाखल करा. जिल्हाधिकारी मालकाकडून भाडेकरूंची नावं लेखी मागवू शकतात, तशी विनंती तुमच्या अर्जात घाला. वाटणीवर मालकाशी एकमत झालं तर ते निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात, नोंदवलं जातं. नाही झालं तर वाद भूसंपादन प्राधिकरणाकडे जातो. पागडीची मूळ पावती नसेल तर जुन्या खोलीहस्तांतराची चिठ्ठी, दुरुस्तीच्या परवानग्या, पूर्वीच्या दाव्यांची कागदं, सगळं कामाला येतं.

मुंबईत मेट्रो-३ च्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) इमारती गेल्या, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी 'घर इथेच हवं' असा हट्ट धरला आणि तिथल्या तिथे पुनर्बांधणी करून देण्याचं ठरलं. हे कायद्याच्या किमान तरतुदीपेक्षा जास्त होतं. संघटना होती, चाळीच्या सभेला सगळे मजले उतरून येत होते, म्हणून ते जमलं.

निवाडाच होणार नाही, सरकार मालकाकडून थेट खरेदी करणार आहे असं ऐकतो.

तर सावध व्हा. राज्यात खासगी वाटाघाटीने थेट खरेदीची पद्धत २०१५ पासून आहे. मालकाला २५ टक्के जादा मिळतात, सरकारला जमीन लवकर मिळते. यात निवाडा नाही, म्हणून निवाड्याबरोबर येणाऱ्या नोटिसा आणि सुनावण्याही नाहीत. खरेदीखतात मालक 'जागा रिकामी व निर्वेध' असं लिहून देतो आणि ते शब्द खरे करायला तुमच्या दारात येतो. खरेदीखत होण्याआधी भूसंपादन अधिकारी आणि खरेदी करणारी यंत्रणा या दोघांना लेखी कळवा की जागेत आम्ही भाडेकरू आहोत. पोच असलेलं एक पत्र पुष्कळदा व्यवहार थांबवतं, आणि मग मालक चर्चेला बसतो.

हायवे किंवा रेल्वेसाठी जागा गेली तर हाच कायदा?

संपादन त्यांच्या स्वतःच्या कायद्याने होतं, पण २०१५ च्या केंद्राच्या आदेशामुळे मोबदला आणि पुनर्वसनाच्या अनुसूच्या तिथेही लागू आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या मोबदल्याचा वाद मात्र लवादाकडे जातो.

मी झोपडपट्टीत भाड्याने राहतो. जागा सरकारचीच आहे.

मग तिथे संपादनच होत नाही, सरकार स्वतःची जागा स्वतःकडून काय घेणार? वरची बहुतेक उत्तरं तुम्हाला जशीच्या तशी लागत नाहीत. झोपडपट्टी कायदा आणि त्या प्रकल्पाचं पुनर्वसन धोरण लागतं. झोपडपट्टी कायद्यात १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीला मोफत घर आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला सशुल्क घर, अशी ढोबळ विभागणी आहे. मुंबईच्या रेल्वे विस्तारासाठी जागतिक बँकेच्या कर्जाच्या वेळी जे पुनर्वसन धोरण झालं, त्यात जमिनीचा कागद नसलेल्यांनाही २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. लल्लूभाई कंपाउंड आणि वाशी नाक्याच्या इमारती त्यातूनच भरल्या.

झोपडीमालक आणि भाडेकरू यांची भांडणं यादीच्या वेळी हमखास होतात. प्रत्यक्ष कोण राहतं यावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा वरचं सर्वेक्षणाचं उत्तर तुम्ही दोनदा वाचा.

घर फार लांब किंवा राहण्यासारखं नाही. नाकारता येईल?

नुसतं 'लांब आहे' म्हणून नाकारलं तर हात रिकामे राहण्याचा धोका आहे. कारण लेखी आणि पुराव्यानिशी मांडा: मुलांची शाळा, डायलिसिसचं केंद्र, प्रदूषण, पाण्याची अवस्था. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं. रिफायनऱ्यांच्या शेजारची ती हवा सोसेना म्हणून रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यायला सांगितलं. ते लोक किती महिने फुटपाथवर बसले होते हेही लक्षात असू द्या, निकाल बसल्या जागी आला नाही.

आम्हाला घराबाहेर कधी काढू शकतात?

कलम ३८ प्रमाणे मोबदला आणि पुनर्वसनाचे पैसे दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. मोबदल्याला निवाड्यापासून तीन महिने आणि पुनर्वसनाच्या रोख भागाला सहा महिने अशी मुदत आहे. विस्थापनाआधी पुनर्वसनाची प्रक्रिया पुरी करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. संरक्षण किंवा नैसर्गिक आपत्तीसारख्या तातडीच्या कारणासाठी वेगळी तरतूद आहे, पण तिथेही राहत्या इमारतीचा ताबा घेण्यापूर्वी किमान ४८ तासांची नोटीस द्यावी लागते.

निवाडा मान्य नाही, पण पैशांची गरज आहे. घेऊ की नको?

घ्या, पण सही करताना 'निषेध नोंदवून स्वीकारले' असं स्वतःच्या हाताने लिहा. हे न लिहिता रक्कम घेतली तर पुढे प्राधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क जातो. कारकून म्हणेल, 'असं लिहिलं तर चेक अडकेल.' कायद्यात तसं काही नाही. मग स्वतंत्र अर्ज करायचा: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असल्यास जिल्हाधिकारी पुढच्या एका वर्षातही अर्ज घेऊ शकतात. पुनर्वसनाच्या हक्काबद्दलची तक्रारही याच अर्जात बसते.

मिळालेल्या रकमेवर आयकर लागतो का?

या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेला कलम ९६ प्रमाणे आयकर नाही. थेट खरेदीचं किंवा मालकाने परस्पर दिलेल्या पैशांचं तसं नाही, त्यासाठी सीएला विचारा.

आजच नोटीस लागली आहे. आधी काय करू?

नोटिशीचा तारखेसकट फोटो काढा. मग एका कागदावर लिहा: घरात कोण कोण, कधीपासून, खोली नंबर, सिटी सर्व्हे नंबर, भाडं कोणाला देता. तोच मजकूर अर्ज म्हणून भूसंपादन अधिकाऱ्याकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला असेल तर थांबा, 'उद्या येतो' म्हणू नका. अर्ज मराठीत आणि साध्या भाषेत चालतो. ती शिक्क्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर नको, कपाटात ठेवा, आणि तिचा फोटो गावच्या भावालाही पाठवून द्या.